लाल शाईचा ताळेबंद

मराठी सुशिक्षिताचा एक विशेष आहे. भाषणातील तर्कदोष तो पोटात घालतो, हिशेबातील चूक 'चालायचेच' म्हणून सोडून देतो. परंतु 'आणि'मधील वेलांटी कोणी दुसरी दिली की त्याचा संयम सुटतो. मग चूक दुरुस्त करून तो थांबत नाही. लिहिणाऱ्याची अक्कल, त्याची शाळा, त्याचे गाव, क्वचित त्याची जातदेखील तो काढतो. वर्गातील फळ्यापाशी हे घडते, कचेरीतील टिपणीवर घडते आणि आता मोबाईलवरील चार ओळींच्या निरोपावरही घडते. ज्यांच्या हातून एखाददुसरी चूक होते ते हा प्रसंग विसरून जातात. परंतु ज्यांना डिस्लेक्सिया आहे, म्हणजे बुद्धी शाबूत असूनही अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालताना ज्यांची जन्मतः ओढाताण होते, त्यांना हा मार आयुष्यभर खावा लागतो. त्यांच्या बाजूने दोन शब्द लिहावेत, असे वाटते.

हा प्रकार अलीकडच्या पालकांनी काढलेली सबब आहे, असा एक समज आपल्याकडे आहे. वस्तुतः ही गोष्ट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, गणितात त्याला अडचण नव्हती. परंतु स्वतःचे नाव लिहितानाही तो अक्षरांची अदलाबदल करी आणि कोणी दाखवून देईपर्यंत ती त्याच्या ध्यानात येत नसे. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. मुलगा मंद नव्हता हे त्या शिक्षकांना दिसले. आपल्या वर्गांत मात्र अशा मुलावर आजही 'आळशी' आणि 'निष्काळजी' ही दोन विशेषणे विनासायास चिकटतात.

कायद्याची दृष्टी याबाबतीत समाजापेक्षा पुढे गेली आहे. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षांत सवलती देण्यास आरंभ केला. १९९५च्या अपंगविषयक केंद्रीय कायद्यात या अक्षमतेला जागा नव्हती. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत ती समाविष्ट झाली. तिच्या व्याख्येत वाचन-लेखनाबरोबर शब्दांच्या वर्णलेखनातील अडचणीचाही उल्लेख आहे. याच कायद्याच्या ९२व्या कलमानुसार दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर पाणउतारा करणे हा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे. कोणा शिक्षकास वा साहेबास तुरुंगात पाठवावे असे कोणीच म्हणणार नाही. परंतु ज्या वागणुकीस आपण 'शिस्त' म्हणतो तिच्याकडे कायदा कोणत्या नजरेने पाहतो, हे आपणास ठाऊक असावे.

यावर असे सांगण्यात येते की, हे दुखणे इंग्रजीचे; मराठी जशी बोलावी तशी लिहावी, तेव्हा मराठीत चुका व्हाव्यात कशा? हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते इंग्रजीहून कितीतरी सरळ आहे, यात शंका नाही. तथापि, वाटेतले खळगे मोजून पाहावेत. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' वेगळे, चिन्ह एकच. 'किल्ला' वाचताना डोळ्यांना वेलांटी आधी दिसते, तोंडातून 'क' आधी निघतो. 'सर्व' म्हणताना 'र' आधी उच्चारतो. लिहिताना तो 'व'च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'फूल' लिहिताना दुसरा उकार, 'फुलाला' लिहिताना पहिला. 'कवी' दीर्घ, पण 'कविसंमेलन' ऱ्हस्व. शब्दान्ती येणारे इकार-उकार दीर्घ लिहावेत, परंतु 'आणि' व 'परंतु' त्याला अपवाद. यातले बहुतेक ऱ्हस्व-दीर्घ आजच्या बोलण्यात कानाला वेगळे ऐकू येतच नाहीत. ते डोळ्यांनी टिपून स्मरणात साठवावे लागतात. आणि शब्दाचे चित्र स्मरणात न ठरणे, हीच तर डिस्लेक्सिया असलेल्या माणसाची अडचण आहे. अशा मुलाकडून एकच शब्द शंभर वेळा लिहवून घेतला तर हात दुखतो. शब्द दुसऱ्या दिवशी पुन्हा निसटतो. हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांतून या अक्षमतेची चाचणी घेता यावी म्हणून राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली चाचणीसंच उपलब्ध केला, यावरूनच हे दुखणे केवळ इंग्रजीचे नव्हे, हे स्पष्ट व्हावे.

नागपुरात ही अडचण आणखी एका अंगाने वाढते. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. हिंदी आणि मराठी येथे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना नांदत आल्या आहेत. २०२०च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आणि हिंदी, सिंधी, तेलुगू बोलणाऱ्या घरांतील मुलेही मराठी शिकू लागली. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु एकाच लिपीतील दोन भाषा त्या मुलास परस्परविरुद्ध गोष्टी सांगतात. हिंदीचे गुरुजी 'कवि' आणि 'स्थिति' ऱ्हस्व मागतात. पुढच्या तासाला मराठीच्या बाई तेच शब्द दीर्घ मागतात. चांगल्या डोळ्याचे मूलही येथे अडखळते; डिस्लेक्सिया असलेल्याने काय करावे? मूल वऱ्हाडी वळणाच्या घरातील असेल तर घरी 'पानी' आणि शाळेत 'पाणी' हा झगडा वेगळाच. बोलीचा उच्चार म्हणजे अक्षमता नव्हे, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. परंतु हसणारे हा भेद करीत नाहीत. त्यांच्या लेखी दोघेही 'अशुद्ध'. 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' या शब्दांना आपल्या समाजात जो इतिहास चिकटला आहे तो पाहता, 'शुद्धलेखन' ऐवजी 'प्रमाणलेखन' म्हणावे, हा भाषाभ्यासकांचा आग्रह मला योग्य वाटतो.

तर मग नियमच नकोत काय? असे मुळीच नाही. 'शिक्षक दिन' आणि 'शिक्षक दीन' यांत एका वेलांटीचे अंतर आहे आणि दुसरे विधान पुष्कळदा खरे असले तरी पहिल्याच्या जागी ते छापून चालणार नाही. 'आचार्यांना' पाठविलेले निमंत्रण 'आचाऱ्यांना' गेले तर मंडपात घोटाळा होईल. प्रमाणलेखन ही सर्वांच्या सोयीची गोष्ट आहे. मात्र ती सोय आहे, सद्गुण नव्हे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा फरक नाण्यांवरून चटकन कळतो. १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन नवे पैसे आले. व्यवहार सुकर झाला. पण त्यानंतरही आण्यांत हिशेब करणाऱ्या म्हाताऱ्यास कोणी चोर म्हटले नाही.

लेखनाचे नियमही असेच बदलत आले आहेत. पेशव्यांचे दप्तर आणि नागपूरकर भोसल्यांचा पत्रव्यवहार ज्या मोडीत चालला, त्या मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळला जात नसे. त्यावाचून राज्यकारभार अडला नाही. पुढे नांव, कांहीं, घरांत अशा शब्दांवर न उच्चारले जाणारे अनुस्वार देणे हे विद्वत्तेचे लक्षण ठरले. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि हे अनुस्वार गेले. म्हणजे १९५० साली 'नाव' लिहिणारा विद्यार्थी अडाणी आणि १९६५ साली 'नांव' लिहिणारा अडाणी! १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडून अठरा नियम झाले. इतकेच कशाला, ज्यावरून एवढे रण माजते तो शब्दही कोणी 'ऱ्हस्व' लिहितात, कोणी 'ह्रस्व'. जी रेषा माणसांनी आखली आणि माणसांनीच सरकविली, तिच्या अलीकडे-पलीकडे पाय पडला म्हणून माणसाची किंमत ठरविणे हे शहाणपणाचे नाही.

आता या निष्ठुर टीकेचा हिशेब मांडू. एखाद्या वस्तूवर कर बसविला की ग्राहक ती वस्तू टाळून दुसरी घेतो. अपमान हा शब्दांवरील कर आहे. ज्या विद्यार्थ्यास 'सीमान्त उपयोगिता' उत्तम समजली आहे तो, ती लिहिताना हसे होईल या धास्तीने, 'फायदा' असा सोपा पण चुकीचा शब्द वापरतो. दहा ओळींचे उत्तर तो चार ओळींत आटोपतो. पुढे तो प्रश्न विचारणे सोडतो, अर्ज दुसऱ्याकडून लिहवून घेतो, टिपणी लिहावी लागेल म्हणून बढतीची जागा नाकारतो. लाल शाईला वाटते की आपण चुका कमी केल्या. प्रत्यक्षात तिने लेखनच कमी केलेले असते. समजा, उत्तरपत्रिकेत वाक्य आहे, 'किमंत वाढली की मागणि कमी होते.' अनुस्वार सरकला आहे, वेलांटी चुकली आहे. परंतु मागणीचा नियम शंभर टक्के बरोबर आहे. मी अर्थशास्त्राचे गुण देण्यासाठी बसलो असेन तर ते पूर्ण दिले पाहिजेत. वेलांटीचे गुण भाषेच्या पत्रिकेत पाहता येतील, आणि तेथेही विद्यार्थ्याजवळ प्रमाणपत्र असेल तर नियमाने मिळणारी सवलत हा त्याचा हक्क आहे, परीक्षकाची मेहेरबानी नव्हे.

शिक्षकांना आणि कचेरीतील वरिष्ठांना म्हणूनच विनंती आहे. चूक अवश्य दाखवा, परंतु एकान्तात दाखवा. चूक झालेली वही वर्गात वाचून दाखविणे हे अध्यापन नव्हे, करमणूक आहे. एका वेळी एकाच प्रकारची चूक घ्या. रफाराचे शब्द एका आठवड्यात, सामान्यरूपातील उकार दुसऱ्या आठवड्यात. एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला दिसला, तोंडी उत्तर चोख आणि लेखी उत्तर विस्कळीत असा फरक वारंवार दिसला, तर छडी न शोधता तज्ज्ञाचा सल्ला शोधा. आणि मजकूर आधी वाचा, अक्षरे नंतर.

ज्यांना हे सोसावे लागते त्यांनी काय करावे? टीकेचे तीन प्रकार ओळखावेत. जो प्रेमाने चूक सांगतो त्याचे आभार मानावेत. जो चूक बरोबर दाखवितो पण टोचून बोलतो, त्याचा शब्द घ्यावा आणि सूर तेथेच सोडून द्यावा. तिसरा प्रकार धूर्त असतो. त्याला मुद्द्याचे उत्तर देता येत नाही म्हणून तो वेलांटी धरून बसतो. त्याला शांतपणे इतकेच म्हणावे, 'दुरुस्ती मान्य. आता मुद्द्याचे बोलू या.' आपली अडचण लपविण्यात जेवढी शक्ती जाते तेवढी ती सांगण्यात जात नाही. 'मला डिस्लेक्सिया आहे, महत्त्वाचे कागद मी दुसऱ्याकडून वाचून घेतो,' हे वाक्य एकदा सरळ उच्चारून टाकावे. संगणकाची मदत घेण्यात कमीपणा नाही, परंतु 'दिन' आणि 'दीन' दोन्ही खरे शब्द असल्याने यंत्र तेथे गप्प बसते. म्हणून विश्वासातील एक वाचक हवाच. आपण नेहमी चुकतो असे वीस-पंचवीस शब्द जवळ लिहून ठेवावेत. मुख्य म्हणजे लिहिणे थांबवू नये.

अशा वेळी थोरामोठ्यांचे दाखले देण्याची रीत आहे. २००९ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळविणाऱ्या कॅरल ग्रायडर यांना बालपणी शब्दांची अक्षरे जमत नव्हती. २०१७ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळविणारे जॅक दुबोशे यांनी आपण डिस्लेक्सियाग्रस्त असल्याचे स्वतःच्या परिचयात अभिमानाने नोंदविले आहे. हे दाखले उमेद देतात, पण त्यांत एक धोकाही आहे. मान मिळविण्यासाठी नोबेल मिळवावे लागते असा त्यांचा अर्थ होता कामा नये. ज्याच्या हातून कोणताही शोध लागणार नाही, जो आयुष्यभर एखाद्या कचेरीत आवक-जावक पाहील, त्या कारकुनालाही चुकलेल्या वेलांटीनिशी सन्मानाने जगण्याचा तेवढाच अधिकार आहे.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला याचा आपणा सर्वांस आनंद झाला. भाषा जुनी आहे हे सिद्ध करण्यासाठी ग्रंथ आणि शिलालेख पुरेसे होतात. ती जिवंत राहण्यासाठी मात्र माणसांनी न भिता ती लिहावी लागते. चुकत चुकत लिहिणारा माणूस भाषेत असतो. लाजून लेखणी खाली ठेवणारा तिच्याबाहेर जातो. तेव्हा लाल शाईची दौत उघडण्यापूर्वी प्रत्येकाने एवढेच मनाशी ठरवावे की, माझ्या या खुणेने समोरच्याचा एक शब्द सुधारणार आहे, की त्याचे पुढचे हजार शब्द कायमचे बंद पडणार आहेत?