तीस रोजे ठेवूनही वजन वाढते कसे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजान लागण्याआधी ईदच्या कुर्त्याचे माप दिले होते. चाँदरातीला कुर्ता घालून पाहिला, तर पोटावरचे बटण लागेना. शिंप्याची चूक म्हणून तणतणत दुकानात गेलो. त्याने शांतपणे वही काढली, माझे जुने माप दाखवले आणि पुन्हा फीत लावली. कंबर दीड इंच वाढली होती. "भाईजान, माप तो बराबर है," एवढेच तो म्हणाला. दुकानातली गर्दी हसली, मीही हसलो. पण घरी येताना एकच प्रश्न डोक्यात घोळत होता. महिनाभर दिवसा पाण्याचा घोटही घेतला नाही, तरी ही चरबी आली कुठून?

माझे मराठी मित्र दरवर्षी विचारतात, "अरे, महिनाभर उपाशी राहून तुमचे वजन उतरत असेल ना?" मी त्यांना त्यांच्याच म्हणीने उत्तर देतो: एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाण्याच्या खिचडीचा आणि आमच्या भज्यांचा दोष एकच आहे. उपवास पोटाचा असतो, पण सगळे लक्ष तो सुटण्याच्या वेळेकडे लागलेले असते.

साधा हिशेब मांडून पाहू. मगरिबची अजान होते. तीन खजूर खाल्ले, ६० ते ७५ कॅलरी. इथपर्यंत सगळे ठीक. मग सरबताचा पेला येतो. त्यात चार चमचे साखर धरली तरी ८० कॅलरी, आणि पेला कधी एकावर थांबत नाही. बाजारातला एक मोठा समोसा सुमारे अडीचशे कॅलरींचा. दोन समोसे, मूठभर भजी, शेवटी काही गोड. नमाजला उठण्याआधी सातआठशे कॅलरी पोटात गेलेल्या असतात आणि जेवण अजून व्हायचेच असते. तरावीहनंतर चहाबरोबर पुन्हा काहीतरी, आणि सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, दुधात भिजवलेली गोड फेणी. दोन समोशांची ऊर्जा खर्च करायला दीड तासाहून जास्त झपाझप चालावे लागते. आपण तर रोजा आहे म्हणून दुपारभर आडवे असतो.

तेलाची गोष्ट तर डोळ्यांत भरणारी आहे. एक ग्रॅम पिठातून किंवा डाळीच्या प्रथिनातून साधारण ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातून ९. म्हणून तळलेला घास दिसायला लहान आणि हिशेबाला मोठा असतो. कढईतले तेच तेल दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा तापते. महिन्याच्या किराण्यात तेलाचे डबे मोजले, तर वजन का वाढले हे डॉक्टरांना विचारावे लागणार नाही.

धर्माने हे शिकवलेले नाही. खा, प्या, पण अतिरेक करू नका, ही कुरआनची शिकवण आहे. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये येते. त्यांचा स्वतःचा रोजा काही खजुरांवर आणि पाण्यावर सुटत असे. त्यातला खजूर आपण सुन्नत म्हणून घेतो आणि साधेपणाची सुन्नत दस्तरखानाबाहेर ठेवतो.

विज्ञानही काही वेगळे सांगत नाही. रमजान आणि वजन या विषयावरच्या ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वजन सरासरी एक ते सव्वा किलोने उतरल्याचे दिसले, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यातले बरेचसे परत आल्याचेही. म्हणजे रोज्यात वजन आटोक्यात आणण्याची ताकद आहे. ती टिकवायची की घालवायची, हे संध्याकाळचे ताट ठरवते.

आता आपल्या जालन्याकडे पाहू. हा जिल्हा देशाला बियाणे पुरवतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे बियाण्यांची कंपनी उभी केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेली तुरीची वाणे मराठवाडाभर पेरली जातात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि २०२४ मध्ये इथल्या दगडी ज्वारीलाही ते मिळाले. ज्वारी, तूर, हरभरा, मोसंबी: आहारतज्ज्ञ ज्या ताटाची शिफारस करतात, ते जवळजवळ पूर्ण ताट आपल्या शिवारात पिकते. तरी इफ्तारच्या वेळी आपल्या दस्तरखानावर काय असते? मैदा, साखर, पामतेल आणि बाटलीतला रंग.

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो आहे. याच दिवसांत रब्बीची ज्वारी आणि हरभरा घरी येतो, मृग बहाराची मोसंबी बाजारात असते. एवढा जुळून आलेला योग आपण समोशाच्या रांगेत उभे राहून वाया घालवतो.

ज्वारीचा आग्रह मी अभिमानापोटी धरत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनही नसतात. तंतू असलेले अन्न हळूहळू पचते, साखर रक्तात सावकाश उतरते. सहरीला गोड फेणी खाल्ली तर साखर झटकन चढते, झटकन उतरते आणि अकरा वाजताच पोट कुरकुरू लागते. तेच एक-दीड भाकरी, वाटीभर घट्ट वरण, एखादे उकडलेले अंडे आणि दही खाल्ले, तर तेरा तासांचा रोजा बराच सुसह्य होतो. लोणचे आणि पापड सहरीला नकोच, दिवसभर तहान लावतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते. पापड-लोणच्याच्या दोन घासांत त्यातले बरेचसे संपते.

मोसंबीबद्दलही एक विनंती आहे. तिचा रस काढून, गाळून, वर साखर घालून पिऊ नका. ती सोलून खा. चोथ्यात तंतू आहेत आणि चावून खाल्ले की पोट भरल्याचे कळते. तिच्यातले क जीवनसत्त्व डाळीतले लोह शरीरात शोषले जायला मदत करते. चहा मात्र लोह शोषू देत नाही. म्हणून जेवणाला चिकटून चहा नको, तासाभराने घ्या.

इतके सगळे मी ज्ञानी म्हणून लिहीत नाही. आमच्या घराने याची किंमत मोजली आहे.

अम्मीला मधुमेह होता. गोळ्या चालू होत्या, पण रमजानमध्ये तिने त्यांच्या वेळा मनानेच बदलल्या होत्या. डॉक्टरांना विचारले तर ते रोजा ठेवू नका म्हणतील, ही भीती. एका रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर ती भजी तळता तळता चुलीपाशीच खाली बसली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणे तुटक. आम्ही साखरेचे पाणी आणले, तर तिने ओठ घट्ट मिटले. मगरिबला दीड तास उरला होता आणि तिला रोजा मोडायचा नव्हता. शेवटी थोरल्या बहिणीने तिला जवळ घेऊन, अल्लाहचा वास्ता देऊन चमच्याने पाणी पाजले. नंतर डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता.

आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे. बरे झाल्यावर रोजे पूर्ण करा, ते शक्य नसेल तर गरिबाला जेवू घाला, असा फिदियाचा मार्ग सांगितला आहे. ज्याने रोजा फर्ज केला, त्यानेच ही सवलत दिली. ती नाकारण्यात कसली आली परहेजगारी? मधुमेह असलेल्यांनी रमजानच्या महिनादीड महिना आधी डॉक्टरांना भेटावे आणि गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा त्यांच्याकडूनच ठरवून घ्याव्यात. दिवसा साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, असे या विषयातले तज्ज्ञ सांगतात. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक उलेमांचे मत आहे. भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अभ्यासाने सांगितले. प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक सफमध्ये हे लोक आपल्या शेजारी उभे आहेत.

त्या घटनेनंतर अम्मी रोजे ठेवत नाही, फिदिया देते. सुरुवातीला तिला लाज वाटायची, पडद्याआड जेवायची. आता घरच्या दस्तरखानाचा कारभार तिच्याकडे आहे. तिने एक नियम केला: कढई फक्त जुम्म्याला चुलीवर चढेल. बाकीचे दिवस खजूर, पाणी, कापलेली फळे, उकडलेल्या हरभऱ्यावर कांदा-लिंबू आणि नमाजनंतर सरळ जेवण. जेवणात दालचा, अंबाडीची भाजी, भाकरी. तिच्या लहानपणी रमजान असाच असायचा, असे ती म्हणते. भजी तेव्हा पाहुणा आला तर व्हायची.

पहिल्या आठवड्यात मुलांनी तोंडे वाकडी केली. मेहुणे आले तेव्हा दस्तरखानाकडे पाहून "आज इतनाच?" म्हणाले. पण एक गोष्ट कोणी बोलले नाही आणि सगळ्यांना दिसली. असर ते मगरिब हा दुआचा वेळ. तो आमच्या घरातल्या बायका वर्षानुवर्षे धुरात, उकळत्या तेलासमोर, रोजा ठेवून काढत होत्या. आता त्या वेळी त्याही मुसल्ल्यावर बसलेल्या असतात. पुरुषांचे वजन उतरले हा फायदा मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

कोणी म्हणेल, वर्षातून एकदा तर महिना येतो, खाऊ द्या की. खाऊ द्याच. ईदच्या शीरखुर्म्यावर माझा काही आक्षेप नाही, तो नसेल तर ईद कसली? आक्षेप रोजच्या ईदवर आहे. तीस दिवस रोज सण केला तर सणाच्या दिवशी वेगळे काय उरते?

आणखी कोणी म्हणेल, हे सगळे पैसेवाल्यांचे प्रश्न आहेत. तसे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या साधारण दर चौथ्या स्त्रीचे वजन जास्त होते. कितीतरी घरांत या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत असतील. पोट स्वस्त तेल, साखर आणि मैद्याने भरते, पण रक्ताला लागणारे काही मिळत नाही. वाढलेले पोट म्हणजे खाऊन-पिऊन सुखी, हा आपला जुना समज आता सोडायला हवा.

म्हणून माझी एक सूचना मोहल्ल्या-मोहल्ल्यातल्या कमिट्यांना आणि दानशूर मंडळींना आहे. रमजानमध्ये गरजू घरांना किराण्याचे किट वाटले जाते. नियत नेक असते, सवाबही मोठा. पण पिशवी उघडून पाहा: बरेचदा तेल, साखर, मैदा, शेवया आणि सरबताची बाटली. त्याच पैशांत तेल-साखर निम्मी करून तूरडाळ, हरभरा, शेंगदाणे, ज्वारी आणि खजूर वाढवता येतील. ज्वारी शेजारच्या गावातून थेट घेतली तर शेतकऱ्यालाही दोन पैसे मिळतील. जकात आणि सदका देताना आपण हिशेब चोख ठेवतो. घेणाऱ्याच्या ताटात काय पडले, याचाही हिशेब ठेवायला हवा.

वजनाचा काटा तुमच्याकडे नसेल तरी चालेल. एक साधी फीत घ्या. बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली असेल, तर तो धोक्याचा इशारा समजा. हे माप आज वहीत लिहून ठेवा आणि चाँदरातीला पुन्हा घ्या. इफ्तार ते सहरीदरम्यान आठ-दहा पेले पाणी थोडे थोडे करून प्या. तरावीहला मशिदीत गाडीवर न जाता चालत जा.

गेल्या ईदला मी पुन्हा त्याच शिंप्याकडे गेलो होतो. त्याने फीत लावली, वही पाहिली आणि म्हणाला, "भाईजान, इस बार कपडा कम लगेगा." वाचलेल्या कापडाचे पैसे फार नव्हते. फितऱ्याबरोबर तेही देऊन टाकले.