एका वर्षाचा हिशेब

भगिनींनो, महिला मंडळाचा वार्षिक अहवाल बहुधा समारंभांच्या वर्णनाने भरलेला असतो. आज एका मंडळाच्या पहिल्या वर्षाची हकीकत सांगावयाची आहे. तीत अडचणीच अधिक आहेत.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईस गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. भांडवल होते उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी अवघी चार पाकिटे तयार झाली. प्रारंभी पापड दोन प्रतींचे होत. परंतु छगनलाल पारेख यांनी, हलक्या प्रतीचा माल काढूच नये, असा सल्ला दिला व तो त्यांनी मानला. देणगी स्वीकारावयाची नाही, हाही त्यांचा निश्चय होता.

पुढे पावसाळा आला. उन्हावाचून पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावे लागले. त्या दिवसांत मंडळ मोडले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण पाऊस सरताच त्या पुन्हा एकत्र बसल्या. वर्षाची विक्री ६१९६ रुपये भरली. दुसऱ्या पावसाळ्यासाठी त्यांनी एक खाट व एक स्टोव्ह विकत घेतला. वर खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह! काम थांबले नाही. हेच पापड पुढे ‘लिज्जत’ या नावाने घरोघरी पोहोचले.

तेव्हा भगिनींनो, आपला अहवाल लिहिताना बंद पडलेले महिनेही प्रांजळपणे नोंदवा. पुढील वर्षाची खाट त्या नोंदीतूनच सुचत असते.