‘सेट होईल’ म्हणण्याआधी चाक उचला

ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस मारुती सुझुकीने वॅगन-आर, सेलेरिओ आणि इग्निस या मॉडेलच्या ९,९२५ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. सगळ्या ३ ऑगस्ट ते १ सप्टेंबर २०२२ या काळात बनलेल्या. त्यातल्या कित्येक दसऱ्याच्या मुहूर्तावर दारात आलेल्या असणार. दोषाचा संशय होता मागच्या ब्रेकच्या जुळणीतल्या एका पिनवर. ही पिन काही गाड्यांत तुटू शकते, तुटली तर वेगळाच आवाज येऊ शकतो आणि पुढे ब्रेकच्या कामगिरीवरही परिणाम होऊ शकतो, असं कंपनीने जाहीर केलं.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी आवाज, मग ब्रेक. म्हणजे ही बातमी येण्यापूर्वी एखादा मालक ‘मागून काहीतरी वाजतंय’ म्हणत सर्व्हिस सेंटरला गेला असेल, तर त्याच्या तक्रारीत पुढच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ होतं. त्याला काय उत्तर मिळालं असेल?

नवी गाडी घेतलेल्या कुणालाही ते उत्तर पाठ असतं. ‘साहेब, गाडी नवीन आहे. हजारेक किलोमीटर चालवा, सेट होईल.’ हे उत्तर पुष्कळदा खरं निघतं, आणि म्हणूनच ते घातक आहे. दहापैकी काही आवाज आपोआप जातात, त्यांच्या जोरावर उरलेलेही न तपासता परत पाठवले जातात. ब्रेकच्या बाबतीत ही सवय मोडायलाच हवी.

आधी न्यायाने बोलायचं तर, नव्या गाडीचे काही आवाज खरोखरच निरुपद्रवी असतात. ब्रेकची डिस्क बिडाची असते. रात्रभर पाऊस पडला की सकाळी तिच्यावर तांबूस गंज धरलेला दिसतो. पहिले चार-सहा ब्रेक दाबेपर्यंत खर्रर्र असा आवाज येतो आणि पॅडने गंज खरवडून काढला की थांबतो. कोकणात किंवा पावसाळ्यातल्या लोणावळ्यात हे रोजचं आहे. नव्या पॅडचा आणि डिस्कचा पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसायलाही थोडं अंतर जावं लागतं. म्हणून पहिल्या काही दिवसांत करकचून ब्रेक मारू नयेत आणि मध्यम वेगावरून हलके-हलके ब्रेक लावत पॅड बसू द्यावेत. इलेक्ट्रिक गाड्यांत तर मोटरच गाडीचा वेग कमी करते, त्यामुळे डिस्क कमी वापरली जाते आणि गंज जास्त काळ राहतो. तिथे अधूनमधून जरा जोरात ब्रेक दाबून डिस्क साफ करणं हाच उपाय.

दुसरा नेहमीचा प्रकार खड्यांचा. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं एक संरक्षक कवच असतं. कच्च्या रस्त्यावरून किंवा नव्याने खडी टाकलेल्या रस्त्यावरून गेलं की एखादा खडा त्यात अडकतो आणि ब्रेक दाबा वा न दाबा, पत्रा घासल्याचा कर्कश आवाज येत राहतो. कधी तो पत्राच वाकून डिस्कला टेकलेला असतो. मालकाचा जीव टांगणीला लागतो आणि काम असतं पाच मिनिटांचं: चाक काढा, खडा पाडा, पत्रा हाताने मागे सारा. पण ही पाच मिनिटं द्यायची तर चाक उचलावं लागतं. काउंटरवर उभं राहून खडा दिसत नाही.

ब्रेक दाबल्यावर शिट्टीसारखी चिरचिर येते, ती पॅड, डिस्क आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) यांच्या कंपनाची. पॅडच्या मागची पातळ पट्टी नीट बसलेली नसेल, योग्य जागी ब्रेकचं खास ग्रीस नसेल किंवा पॅड तापून त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, तर ती वाढते. गाडी थांबायला त्यामुळे सहसा अडचण येत नाही. पण अशीच बारीक शिट्टी झिजलेल्या पॅडवरची सूचक पट्टीही देते. तिची रचनाच अशी असते की पॅडचा थर दोन-तीन मिलिमीटरवर आला की तिचं टोक डिस्कला टेकून वाजू लागतं. पाच-सात हजार किलोमीटर धावलेल्या गाडीत ही शिट्टी आली, तर प्रश्न पॅडचा राहत नाही. इतक्या लवकर पॅड झिजले कशाने, याचा शोध घ्यावा लागतो.

इथून विषय आवाजाकडून ब्रेक धरून राहण्याकडे वळतो. आवाज निरुपद्रवी असू शकतो. पाय काढल्यावरही चाकाला धरून राहणारा ब्रेक निरुपद्रवी असूच शकत नाही.

डिस्क ब्रेक सुटतो कसा, हे पाहिलं म्हणजे याचं कारण कळतं. ड्रम ब्रेकमध्ये लायनर मागे ओढायला स्प्रिंगा असतात. डिस्कच्या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे खेचण्याचं काम एक रबरी सील करतं. ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे जातो आणि सील थोडं पिळलं जातं. पाय काढला की ते आपल्या मूळ आकारात येतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. एवढ्या केसभर अंतरावर सगळा खेळ. म्हणून पॅड डिस्कला किंचित टेकलेले राहणं, चाक हाताने फिरवलं तर अगदी हलकी सरसर ऐकू येणं, हे सामान्य आहे. चाक हाताने फिरेनासं होणं सामान्य नाही.

गाडीमालकाला घरच्या घरी बरंच कळू शकतं. सपाट रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही असं बघून, सावकाश चालणारी गाडी न्यूट्रल करावी. ती सहज पुढे सरकत राहायला हवी. कुणी मागून ओढल्यासारखी थांबली, तर शंका घ्यावी. गाडी एका बाजूला खेचते का, मायलेज अचानक उतरलं का, थांबल्यावर एखाद्या चाकाजवळ जळका वास येतो का, तेही बघावं. रात्री कुणाला तरी मागे उभं करून पाय काढल्यावर ब्रेकलाइट विझतो ना, हे पाहिलं तर पेडल पूर्ण वर येतं की नाही तेही समजतं. डिस्कला हात मात्र लावू नये, भाजेल. वर्कशॉपमध्ये लांबून तापमान मोजायचं यंत्र असतं, त्याने मोजावं (कपाळावर धरायचं ताप मोजण्याचं यंत्र इथे उपयोगाचं नाही). तुलना करायची ती एकाच एक्सलच्या डाव्या आणि उजव्या चाकाची. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त तापणारच, कारण ब्रेकचा मोठा भार पुढेच येतो. पण पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा खूप जास्त तापत असेल, तर त्या चाकात काहीतरी अडकलंय.

याची घाई का करायची, तर उष्णतेमुळे. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ३चे तेच आकडे २०५ आणि १४०. धरून राहिलेला ब्रेक तासभर चाक तापवत राहिला आणि त्यानंतर आंबोलीचा किंवा कुंभार्लीचा उतार लागला, तर तेलात वाफ धरू शकते. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. पुण्याच्या सपाट रस्त्यावर ‘जरा जड वाटते’ एवढीच तक्रार असलेली गाडी घाटात अशी दगा देऊ शकते.

चांगल्या मिस्त्रीचं कसब इथे दिसतं. गाडी जॅकवर घेऊन तो चाक फिरवून बघतो. अडकत असेल तर कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल पान्याने अलगद सैल करतो. तेलाची बारीक धार उडाली आणि चाक सुटलं, तर दाब मागे कुठेतरी कोंडला होता. आतून सुजलेला किंवा सोललेला होज पाइप, मास्टर सिलिंडर किंवा एबीएसचं युनिट, यांपैकी एक. मग तो एकेक सांधा सैल करत मागे जातो. मास्टर सिलिंडर बूस्टरपासून थोडा पुढे घेतल्यावर सगळी चाकं मोकळी झाली, तर पुशरॉडला मोकळीक उरलेली नाही हे ठरतं. निपल उघडूनही चाक तसंच घट्ट राहिलं, तर दोष चाकाजवळच: कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना सुकल्यात, पॅड आपल्या खाचेत घट्ट बसलाय, पिस्टन अडकलाय किंवा मागच्या चाकाला हँडब्रेकची केबल जास्त ताणली गेलीय. या तपासणीला महागडा संगणक लागत नाही. जॅक, पाना, तेल धरायला बाटली आणि डोकं लागतं. दोष कुठे आहे हे यातून अंदाजाने नव्हे, पुराव्याने कळतं. अर्थात काम झाल्यावर हवा नीट काढून तेलाची पातळी भरलीच पाहिजे. हे घरी करायचं काम नव्हे.

काही दोष मालकाच्या किंवा परक्या हाताच्या करणीचेही असतात, तेही मान्य करायला हवं. ब्रेकच्या तेलाच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा दुसरं खनिज तेल पडलं की रबरी सील फुगतात आणि ब्रेक चिकटून बसतात. पंक्चरवाल्याने हवेच्या गनने नट वेडेवाकडे आवळले, तर डिस्क किंचित वाकडी फिरू लागते. बहुतेक कारमध्ये हा वाकडेपणा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत लागतो, तरच स्टिअरिंग थरथरत नाही. पावसात भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी ठेवली, तर ड्रमला लायनर चिकटतात. सपाट जागी ती गिअरमध्ये, चाकाला दगड लावून ठेवणं बरं.

पण कारण कुणाचंही असो, तपासल्याशिवाय ते ठरवता येत नाही. आणि इथेच पैशाचा प्रश्न येतो. ब्रेक पॅड हा झिजणारा भाग, म्हणून सहसा तो वॉरंटीत बसत नाही. एका बाजूचा पॅड संपला की मालकाकडून पैसे घेऊन नवे पॅड टाकले जातात आणि गाडी धुऊन परत दिली जाते. कॅलिपरची पिन अडकली म्हणून पॅड संपला असेल, तर नवा पॅडही तसाच संपणार. पिन किंवा कॅलिपरचा दोष उत्पादनाचा निघाला, तर पॅडचा खर्चही मालकाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. झिजलेला पॅड हा त्या दोषाचाच पुरावा असतो, आणि तोच कचऱ्यात जातो. आतला पॅड आणि बाहेरचा पॅड यांच्या जाडीत फरक असेल, तर तो मोजून लिहून ठेवायला हवा.

आवाज आणि चाक धरून राहणं एकत्र दिसलं तर काय समजायचं, याचं ठळक उदाहरण रॉयल एनफिल्डचं. जून २०२०मध्ये कंपनीने ब्रिटन, युरोप आणि दक्षिण कोरियातल्या इंटरसेप्टर, कॉन्टिनेन्टल जीटी आणि हिमालयन या मोटरसायकलींपैकी सुमारे १५,२०० गाड्यांची तपासणी जाहीर केली. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून क्षार टाकतात. ते दीर्घकाळ लागून ब्रेक कॅलिपर गंजत होते. कंपनीने सांगितलेली लक्षणं होती चिरचिर आणि ब्रेक जास्त धरणं, आणि टोकाच्या स्थितीत पिस्टन अडकून ब्रेक कमी लागण्याची शक्यता. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण मालवण, रत्नागिरी, अलिबाग इथली हवा खारी आहे. तिथल्या वर्कशॉपांनी पिना काढून साफ करून ग्रीस लावणं हे पावसाळ्याआधीचं ठरलेलं काम मानायला हवं. त्याचे पैसे द्यायला मालकही कां-कू करणार नाहीत.

२०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांबाबत, ठरावीक प्रमाणात मालकांनी एकाच दोषाची तक्रार केली, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. या व्यवस्थेचा सगळा आधार नोंदलेल्या तक्रारीवर आहे. ‘सेट होईल’ असं तोंडी सांगून माणूस परत पाठवला की नोंद होत नाही. शंभर मालकांना शंभर ठिकाणी तेच सांगितलं, तर तो दोष कागदावर अस्तित्वातच येत नाही. या एका कारणासाठी तरी कंपन्यांनी आपल्या डीलरना बजावायला हवं: ब्रेकची तक्रार आली की चाक उचलायचं, डाव्या-उजव्या डिस्कचं तापमान आणि पॅडची जाडी मोजायची, आणि आकडे बिलावर छापायचे. ज्या वर्कशॉपमध्ये टायरमधली हवा बिलावर छापली जाते, तिथे हे चार आकडे जड जायला नकोत.

मालकानेही जॉब कार्डवर ‘ब्रेक आवाज’ एवढं लिहू देऊ नये. कुठल्या चाकातून, ब्रेक दाबल्यावर की न दाबता, गार असताना की दहा किलोमीटरनंतर, वळताना की सरळ रस्त्यावर, हे सगळं लिहून घ्यावं. आवाज येतो त्याच रस्त्यावर मिस्त्रीला शेजारी बसवून ट्रायल घ्यावी. ‘दोष आढळला नाही’ असं म्हणत असतील, तर काय काय तपासून आढळला नाही तेही लिहून मागावं. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. दोन्हीकडे पहिला प्रश्न जॉब कार्डाचाच येतो, तेव्हा प्रत्येक भेटीची प्रत सही-शिक्क्यासह जपून ठेवावी, गाडी सोडून जाण्यापूर्वीच मागून घ्यावी.