भेसळीचं वजन
अमली पदार्थविरोधी कायद्यात हेरॉइनची व्यापारी मात्रा २५० ग्रॅमच्या पुढे सुरू होते. मग किमान १० वर्षं सक्तमजुरी आणि किमान १ लाख दंड. ठीक. पण वजन कशाचं धरायचं? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, निव्वळ अमली पदार्थाचं. २०२० मध्ये हीरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते फिरवलं: भेसळीसकट सगळाच माल तराजूत टाका. म्हणजे २०० ग्रॅम अस्सल हेरॉइन बाळगणारा बडा विक्रेता मधल्या गटात, त्याला किमान शिक्षेचं बंधनच नाही. आणि ५ ग्रॅम मालात पाव किलो पावडर कालवून नाक्यावर पुड्या विकणारं पोरगं थेट १० वर्षं आत. न्यायाधीशाला दया आली तरी हात बांधलेले. कलम ३७ मुळे जामीन दुरापास्त, कलम ३२-अ मुळे शिक्षेत माफी नाही. (निष्काळजीपणे माणूस मारला तर नव्या न्याय संहितेत सर्वसाधारणपणे कमाल ५ वर्षं!) रस्त्यावर शुद्ध माल मिळतच नाही, हा न्यायालयाचा मुद्दा खरा, पण त्या पावडरीपायी कुणाची उमेदीची दहा वर्षं घ्यावीत, हे काही पटत नाही. संसदेने निदान कारण नोंदवून शिक्षा कमी करण्याची मुभा न्यायाधीशांना द्यावी.