फार्मासिस्ट आहेत का?

मेडिकलमध्ये आपण चिठ्ठी पुढे करतो. काउंटरवरचा मुलगा भराभर ड्रॉवर उघडतो, औषधं काढतो, पाचच गोळ्या हव्या असतील तर स्ट्रिप कात्रीने कापून देतो, पैसे पोचल्याचा आवाज येतो आणि आपण निघतो. ज्याच्या शिक्षणाच्या आधारावर त्या दुकानाला परवाना मिळाला, तो माणूस या सगळ्यात कुठे होता? मला हा प्रश्न पडू लागला तो मावशीच्या संधिवातामुळे.

मावशी कराडला असते. तिला डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी तयार होणं मंदावतं, माणूस दगावूही शकतो. ही चूक होते, कारण घरातल्या बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात. बीपीची रोज, थायरॉइडची रोज, मग हीसुद्धा रोजच असं वाटतं. मावशीसोबत मी औषधं घ्यायला गेले, तेव्हा दुकानातली पांढरा कोट घातलेली मुलगी चिठ्ठी वाचून थांबली. म्हणाली, “आजी, ही रोज नाही घ्यायची हं. आठवड्यातून एकदाच. वार कोणता ठरवलाय?” मावशीने रविवार सांगितला. मुलीने स्ट्रिपवर पेनने ठळक ‘रविवार’ लिहिलं, सोबतच्या फॉलिक अ‍ॅसिडवर ‘मंगळवार’ लिहिलं आणि वर बजावलं, “तोंड आलं किंवा ताप आला तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना कळवा.” मग मावशीकडूनच ते सगळं पुन्हा वदवून घेतलं. दोन मिनिटं लागली. बिलात त्याचा एक रुपयाही नव्हता.

औषधविक्रीचा आपला सगळा कायदा या दोन मिनिटांसाठी आहे, असं मला मनापासून वाटतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे औषध म्हणून कुणीही काहीही विकू शकत होतं. 1930 मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. नुसत्या मालावर नियंत्रण ठेवून भागणार नाही, तो माल रुग्णाच्या हातात देणाऱ्यालाही शिक्षण आणि नोंदणी हवी, ही गोष्ट त्या समितीने लावून धरली. पुढे 1940 चा औषधांचा कायदा आला, 1945 चे नियम आले आणि स्वातंत्र्यानंतर लगेच, 1948 मध्ये, फार्मसी कायदा आला.

म्हणून आजही प्रत्येक मेडिकलमागे दोन वेगळे कागद असतात. दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासन देतं. किरकोळ विक्रीला किमान 10 चौरस मीटर जागा लागते आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. त्या फार्मासिस्टची नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल करतं, आणि त्यासाठी बारावी विज्ञाननंतर किमान दोन वर्षांचं डी.फार्म. आणि 500 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. हे दोन कागद जोडणारी अट नियम 65 मध्ये आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टनेच किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं गेलं पाहिजे. फार्मसी कायद्याचं कलम 42 याहून कडक आहे. नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी चिठ्ठीवरचं औषध द्यायचंच नाही, असं ते सांगतं.

आणि तरीही ‘सर्टिफिकेट भाड्याने देणे’ हा शब्दप्रयोग या धंद्यात कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. डी.फार्म. झालेला मुलगा दुसरीकडे कुठे नोकरी करत असतो, किंवा मुलगी लग्न होऊन परगावी गेलेली असते. त्यांचं प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर फ्रेम करून टांगलेलं असतं आणि महिन्याला ठरलेली रक्कम त्यांना पोचते. दुकान नियमात बसतं, कागद पूर्ण असतात, आणि मावशीला वार विचारणारं कुणी नसतं. याला मी फसवणूक म्हणते. ती सरकारची होतेच, पण आधी रुग्णाची होते.

महाराष्ट्राने या प्रश्नाला एकदा गंभीरपणे हात घातला होता. 2011 ते 2014 या काळात महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना ‘फार्मासिस्ट दुकानात हजर हवा आणि चिठ्ठीशिवाय औषध नको’ हा जुनाच नियम राज्यभर लागू करायचं ठरलं. दुकानांचे परवाने निलंबित झाले, रद्दही झाले. औषधविक्रेत्यांच्या संघटनेने बंद पुकारले. कायद्यात पहिल्यापासून लिहिलेली गोष्ट पाळायला सांगितल्यावर एवढा क्षोभ व्हावा, यावरून ती किती वर्षं पाळली गेली नव्हती हे कळतं.

दुकानदारांचं सगळंच म्हणणं मात्र मी झटकून टाकणार नाही. तालुक्याच्या गावी मालक स्वतःच फार्मासिस्ट असतो आणि सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत एकटा उभा असतो. तो जेवायला गेला, आजारी पडला, तर नियमाप्रमाणे चिठ्ठीवरची विक्री थांबायला हवी, आणि गावात दुसरं दुकान नसेल तर रुग्णाने काय करायचं? शिवाय त्याची मिळकत फक्त विक्रीवर आहे. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किरकोळ विक्रेत्यासाठी 16 टक्के नफा धरलेला आहे. जो फार्मासिस्ट ‘हे औषध तुम्हाला नको, आधी डॉक्टरांना विचारा’ म्हणतो, तो स्वतःच्या खिशातून रुग्णाचं भलं करतो. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2015 च्या नियमावलीने रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून नोंदवलं, पण त्या कामाचा मोबदला कुठून येणार ते कुणी ठरवलं नाही. काउंटरवर उभं राहून मिळणारा पगार तुटपुंजा असेल, तर शिकलेली मुलं प्रमाणपत्र भाड्याने देऊन दुसरी वाट धरणारच. राज्याला फार्मासिस्ट दुकानात हवा असेल, तर त्याच्या कामाला किंमत मिळवून देण्याची जबाबदारीही राज्याची आहे.

तपासणीचंही तेच. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या समितीने 2003 मध्येच सांगितलं होतं की दर 200 विक्री दुकानांमागे एक औषध निरीक्षक असावा. एकाच फार्मासिस्टचं नाव दोन दुकानांवर लागलंय का, हे संगणक पकडू शकतो. नाव असलेला माणूस आत्ता, दुपारी चार वाजता, काउंटरमागे उभा आहे का, हे कुणीतरी जाऊनच पाहावं लागतं. ऑक्टोबर 2017 पासून तर परवान्याचं दर पाच वर्षांनी नूतनीकरणही उरलं नाही. शुल्क भरलं की परवाना चालू राहतो. व्यापाऱ्यांची यातायात वाचली हे चांगलंच झालं, पण मग वाचलेला वेळ निरीक्षकांनी दुकानांत घालवायला हवा. पदं रिकामी ठेवून ते होणार नाही.

फार्मासिस्ट नसण्याची किंमत कुठे कुठे मोजावी लागते पाहा. 1 मार्च 2014 पासून ‘एच-1’ ही वेगळी सूची लागू झाली. सुरुवातीला तिच्यात 46 औषधं होती: तिसऱ्या पिढीची अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं, झोपेच्या आणि सवय लावणाऱ्या काही गोळ्या. ही देताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि औषधाचं प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. ते मन लावून लिहिलं गेलं, तर क्षयाचा रुग्ण औषध अर्धवट सोडतोय हे सगळ्यात आधी मेडिकलवाल्याला कळू शकतं. 2018 पासून क्षयरुग्णांची माहिती आरोग्य यंत्रणेला कळवणं औषधविक्रेत्यांवर बंधनकारकही आहे. फार्मासिस्ट जागेवर नसेल तर हे रजिस्टर महिनाअखेरीस एकटाकी भरलं जातं आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही.

लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं उदाहरण तर काळीज पिळवटणारं आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तशी सूचना लेबलवर छापावी, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये कळवलं होतं. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची जी मुलं खोकल्याच्या सिरपमुळे दगावली, त्यांच्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्यांना दिलेलं सिरप याच प्रकारचं होतं. त्यातलं विषारी डायइथिलीन ग्लायकॉल काउंटरवरच्या कुणालाही दिसलं नसतं. तो गुन्हा कारखान्यातला आणि तिथल्या तपासणीतला. पण “बाळ किती वर्षांचं?” एवढा प्रश्न विचारणारा माणूस प्रत्येक दुकानात हवा. बारीक इंग्रजी अक्षरांतली सूचना आईला कोण वाचून दाखवणार?

मी आता मेडिकलमध्ये गेले की आधी विचारते, “फार्मासिस्ट आहेत का?” बहुतेक ठिकाणी कुणी रागावत नाही. आतून कुणीतरी बाहेर येतं, चिठ्ठी हातात घेऊन वाचतं, आणि बोलणं सुरू होतं. नसतील तर कधी येतील ते विचारून त्या वेळी जाते. तातडीचं औषध असेल तर थांबत नाही, पण घरी आल्यावर डॉक्टरांना फोन करून डोस पुन्हा पक्का करते. पक्कं बिल घेते, त्यावर बॅच नंबर आणि फार्मासिस्टची सही आहे ना ते बघते, कारण उद्या एखादी बॅच परत मागवली तर आपल्या घरात तीच आहे का, हे त्या बिलावरूनच कळणार असतं. आणि स्ट्रिप कापायची असेल तर तारीख आणि बॅच छापलेला भाग माझ्याकडे द्या, असं सांगते.