आधी नोंदणीचं बोला, मग पदवीचं

दिवाळी झाली की इंग्लंडमधल्या आपल्या मंडळातल्या अनेकांकडे भारतातून विचारणा सुरू होते. भाचीने मुंबईत किंवा नागपुरात ऑक्युपेशनल थेरपी केलेली असते, आता तिला इंग्लंडमध्ये मास्टर्स करायचं असतं आणि मामा-मावशीला प्रश्न येतो, ‘कुठलं विद्यापीठ चांगलं?’ मग आपण विद्यापीठांची क्रमवारी पाहतो, फी विचारतो, त्या शहरात ओळखीचं कोण आहे ते आठवतो. इथे हाच व्यवसाय करणारी म्हणून मला वाटतं, हा प्रश्न तिसरा-चौथा असायला हवा. पहिला प्रश्न असा: ही पदवी मिळाल्यावर त्या देशात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करता येईल का?

इंग्लंडपुरतं बोलायचं तर इथे ‘ऑक्युपेशनल थेरपिस्ट’ हे बिरुद कायद्याने राखलेलं आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी, हिच्या नोंदवहीत नाव नसेल तर कितीही पदव्या असोत, ते बिरुद लावता येत नाही. आणि मास्टर्सचे अभ्यासक्रम दोन जातींचे आहेत. एक प्री-रजिस्ट्रेशन. तो साधारण दोन वर्षांचा, मानसशास्त्र, जीवशास्त्र अशा दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठी, आणि त्यात प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे सुमारे १००० तास असतात. तो पूर्ण केला की नोंदणीला अर्ज करता येतो. दुसरा पोस्ट-रजिस्ट्रेशन, बहुतेक वर्षभराचा, आधीच थेरपिस्ट असलेल्यांसाठी. त्यात संशोधन, नेतृत्व, एखाद्या शाखेतलं प्रगत ज्ञान मिळतं, नोंदणी मात्र मिळत नाही. दोन्ही पदव्यांवर एमएससी आणि ऑक्युपेशनल थेरपी हेच शब्द असतात. फरक माहितीपत्रकातल्या एखाद्या ओळीत असतो आणि एजंटाला ती ओळ वाचून दाखवण्याची घाई नसते.

भारतातून बीओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, घेऊन येणाऱ्या मुलीचा खरा पेच इथेच आहे. पोस्ट-रजिस्ट्रेशन मास्टर्स केलं तरी नोंदणीसाठी तिला परदेशी पात्रतेच्या मार्गानेच जावं लागतं. एचसीपीसी तिचा भारतातला अभ्यासक्रम आणि अनुभव इथल्या निकषांवर तपासते, इंग्रजीचा पुरावा मागते. आयईएलटीएस दिली तर एकूण ७ आणि कुठल्याही घटकात ६.५ पेक्षा कमी नाही, अशी अट आहे. गंमत अशी की हा अर्ज ती पुण्यात घरी बसूनही करू शकते. त्यासाठी आधी इथे येऊन लाखो रुपये मोजण्याची गरज नाही. म्हणून आधीच थेरपिस्ट असलेल्यांना माझा आग्रह आहे की क्रम उलटा करा. आधी भारतात दोन-तीन वर्षं काम, मग नोंदणी, मग नोकरी, आणि मास्टर्स त्यानंतर, आपल्याला कुठल्या शाखेत रस आहे हे कळल्यावर.

यावर कोणी म्हणेल की प्री-रजिस्ट्रेशनच करावं, म्हणजे इथल्या रुग्णालयांतला अनुभवही मिळतो. दुसऱ्या विषयातून येणाऱ्यांसाठी ते अगदी बरोबर आहे. पण साडेचार वर्षं तेच शिकून आलेल्या मुलीने पुन्हा पायापासून सुरुवात का करावी? शिवाय प्लेसमेंट, म्हणजे रुग्णांबरोबरचे ते तास, हे बिनपगारी, जवळपास पूर्णवेळ काम. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरीची मुभा असते, पण प्लेसमेंटच्या आठवड्यांत तेवढी ताकद उरत नाही. इथल्या रहिवासी विद्यार्थ्यांना सरकारकडून मिळणारा वार्षिक शिक्षण-साहाय्य निधीही बाहेरून आलेल्यांना नाही. ‘पार्टटाइम करून खर्च निघेल’ हा हिशेब या अभ्यासक्रमात बसत नाही.

इतर देशांतही नोंदणीचं दार वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात परदेशी पात्रतेची तपासणी आणि मग देखरेखीखाली काम. कॅनडात आधी समकक्षतेचं मूल्यमापन, मग राष्ट्रीय परीक्षा. अमेरिकेत एनबीसीओटी या संस्थेची परीक्षा आणि वर प्रत्येक राज्याचा परवाना. पदवी सीमा ओलांडते, परवाना ओलांडत नाही.

‘ही सगळी गोऱ्यांची अडवणूक’ असं आपल्या गप्पांत सहज म्हटलं जातं. खर्च आणि विलंब यांबद्दलची तक्रार मला मान्य आहे, पण तत्त्वाबद्दलची नाही. आमच्या कामात शरीररचना सगळीकडे सारखी, जगणं मात्र जागेनुसार बदलतं. इंग्लंडमधल्या रुग्णालयात आजींना घरी सोडण्यापूर्वी आम्ही त्यांना किटलीत पाणी भरून चहा करायला लावतो, जिना चढताना पाहतो, टबात उतरताना फळी लागेल का ते ठरवतो. घरात बदल करायचे तर नगरपालिकेच्या अपंग-सुविधा अनुदानाची शिफारस लिहावी लागते. इंग्लंडमध्ये त्याची कमाल मर्यादा ३०,००० पौंड आहे. रुग्णाची निर्णयक्षमता तपासायची तर २००५ चा कायदा ठाऊक हवा, आणि काळजीची व्यवस्था लावायची तर २०१४ चा. परळच्या चाळीत हेच काम करायचं तर प्रश्न वेगळे: मांडी घालून बसता येतं का, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसून उठता येतं का, पोळी लाटताना खांदा साथ देतो का. एका ठिकाणचा तरबेज थेरपिस्ट दुसऱ्या ठिकाणी काही महिने नवशिका असणारच.

याचा अर्थ आपली पदवी हलकी असा मुळीच नाही. जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी घरात आलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. १९५२ मध्ये या व्यवसायाची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. परदेशात शिकलेलं निंबकर यांनी भारतातल्या रुग्णालयात रुजवलं, आणि पुढे नागपुरातही असं शिक्षण सुरू झालं.

खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय मास्टर्सही आहेत. ॲम्स्टरडॅम, स्टॉकहोम, ब्रायटन अशा ठिकाणच्या संस्थांनी मिळून उभा केलेला युरोपियन मास्टर्स त्यातला एक. वेगवेगळ्या देशांतले थेरपिस्ट नोकरी सांभाळून एकत्र शिकतात आणि एकच प्रश्न निरनिराळ्या आरोग्यव्यवस्थांत कसा सुटतो ते पाहतात. संशोधन किंवा अध्यापन करायचं असेल त्यांनी अशा शिक्षणाकडे जरूर वळावं. पण तो परवान्याचा मार्ग नव्हे, तो परवाना मिळाल्यानंतरचा मार्ग आहे.

आपल्या मंडळाला यात करण्यासारखं काम आहे. सभासदांत डॉक्टर, परिचारिका, फिजिओ, थेरपिस्ट पुष्कळ आहेत. प्रत्येक व्यवसायातल्या एका-दोघांनी आपलं नाव कार्यकारिणीकडे द्यावं, आणि भारतातल्या मुलामुलींनी विद्यापीठाला अनामत रक्कम भरण्यापूर्वी प्रवेशपत्र त्यांच्याकडून तपासून घ्यावं. त्या पत्रातला अभ्यासक्रम एचसीपीसीच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे संकेतस्थळावर पाहायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांनी एखाद्या घरचं शैक्षणिक कर्ज वाचू शकतं. विमानतळावर घ्यायला जाणं, पहिल्या आठवड्यात जेवायला बोलावणं हे आपण मनापासून करतो आणि ते करत राहूच. पण ती मदत निर्णय झाल्यानंतरची असते, आणि गरज निर्णयाआधी असते.