डोळे मिटून ऐका

वाचकहो, पावसाळा सरता सरता नळदुर्गला गेलात, तर बोरी नदीच्या काठच्या किल्ल्यातील पाणीमहाल अवश्य पाहा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातच हा महाल आहे. बंधारा भरून वाहू लागला की त्यावरून दोन धबधबे कोसळतात. लोक त्यांना ‘नर’ आणि ‘मादी’ म्हणतात. आपण मात्र आत, कोरड्या जागी उभे राहून खिडकीतून समोर पडणारे पाणी पाहत असतो. हा इब्राहिम संगीताचा मोठा रसिक होता. ‘किताब-ए-नवरस’ ही त्याचीच रचना, आणि आपल्या आवडत्या तंबुऱ्याला त्याने ‘मोती खान’ असे नाव दिले होते.

मागे एकदा तेथे उभे असताना माझा चुलतभाऊ म्हणाला, “नराचा आवाज घोगरा आहे, मादीचा नाजूक. नीट लक्ष देऊन ऐका.” मी ऐकले, आणि मला अगदी तसेच ऐकू आले. परतताना मात्र मनात आले, त्याने नावे उलटी सांगितली असती तर? तेव्हाही मला ‘नरा’चाच आवाज घोगरा वाटला नसता कशावरून?

हाच प्रश्न घरी वेगळ्या रूपात आमची वाट पाहत होता. काकांचे वय ७६. श्रवणचाचणीत दोन्ही कानांची श्रवणशक्ती कमी झाल्याचे निदान झाले होते आणि दुकानदाराने दोन श्रवणयंत्रे काही दिवस वापरून पाहण्यासाठी दिली होती. एक २२ हजारांचे, दुसरे ८५ हजारांचे. महागडे यंत्र कानात घातले की काकांचा चेहरा उजळे. “यात शब्द सुटे सुटे ऐकू येतात,” असे ते म्हणत. काकूंनी बँकेतली ठेव मोडण्याची तयारी केली होती. भावाच्या मनात शंका होती; पण वर्षानुवर्षे घरातले बोलणे निसटत आलेल्या वडिलांना “तुम्हाला भास होतो आहे” असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

येथे ‘भास’ हा शब्दच अन्यायाचा आहे. काका खोटे बोलत नव्हते. कान ध्वनी पोहोचवतो. त्याचा अर्थ मेंदू लावतो, आणि अर्थ लावताना तो डोळ्यांना दिसलेले, आधी सांगितलेले आणि खिशातून गेलेलेही हिशेबात धरतो. अपेक्षेचा हा प्रभाव अशिक्षितांवर होतो आणि जाणकारांवर होत नाही, असेही नाही. २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २१ कसलेल्या व्हायोलिनवादकांपुढे सहा व्हायोलिने ठेवली गेली. तीन नवी होती आणि तीन स्ट्रॅडिव्हरी व ग्वार्नेरी या इटालियन कारागीर घराण्यांची, शतकांपूर्वीची व अतोनात किमतीची. खोलीत अंधुक प्रकाश, वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे, आणि जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटी टेकायच्या जागी अत्तराचा थेंब. बहुतेकांनी घरी न्यायला निवडले ते नवे व्हायोलिन. जुने कोणते, हे त्यांना खात्रीने ओळखता आले नाही.

श्रवणयंत्रांबाबतही अशी परीक्षा झाली आहे. ब्रिटनमधील मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना ध्वनीच्या दृष्टीने तंतोतंत सारखी दोन यंत्रे दिली होती. एक ‘नेहमीचे’ आणि दुसरे ‘नवे’, एवढेच सांगितले. ‘नवे’ यंत्र अधिक जणांना आवडले. इतकेच नव्हे, तर गोंगाटातले शब्द ओळखण्याच्या चाचणीत त्यांचे गुणही ‘नव्या’ यंत्राबरोबर वाढले. अपेक्षेने केवळ मत बदलते असे नाही; माणूस अधिक लक्ष देऊन ऐकू लागतो. म्हणूनच “मला फरक जाणवतो” हे वाक्य खरे असूनही तो फरक यंत्राचा असेलच असे नाही.

परंतु यावरून ‘सारे फरक मनाचेच’ असा निष्कर्ष काढणे ही दुसऱ्या बाजूची चूक होय. मिरजेच्या कारागिरांना विचारा. तंबुऱ्याच्या तारेखालचा बारीक दोरा किंचित सरकवला की जवारी खुलते आणि स्वर झणकारू लागतो. तो फरक डोळे मिटूनही ऐकू येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच या झणकाराचा शास्त्रीय अभ्यास केला होता. श्रवणयंत्राचा उपयोगही असाच खरा आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात काही जणांना आवाज न वाढवणारी यंत्रे नकळत देण्यात आली होती. त्यांच्या तुलनेत खरी यंत्रे घालणाऱ्यांना निश्चित लाभ झाला. मात्र यंत्राची किंमत जास्त सांगितल्याने लाभ वाढला नाही.

मग घरच्या घरी काय करावे? आम्ही जे केले ते सांगतो.

प्रथम दोन्ही यंत्रे काकांच्या श्रवणालेखानुसार बसवलेली आहेत याची दुकानात खात्री करून घेतली. हे फार महत्त्वाचे आहे, कारण जे यंत्र किंचित मोठ्याने ऐकवते तेच कानाला अधिक ‘स्पष्ट’ वाटते. मग वहिनींनी वीस-वीस साध्या शब्दांच्या याद्या केल्या. सात, आठ, पान, बाण, ताट, पाट असे सारखे वाटणारे शब्द त्यात मुद्दाम घातले. वयोमानाने आधी उंच पट्टीचे ध्वनी हरवतात, त्यामुळे स, श, त यांसारखी व्यंजने निसटतात आणि ‘सात’चा ‘आठ’ होतो. पंखा आणि रेडिओ चालू ठेवला. नाणे उडवून भाऊ ठरेल ते यंत्र आतल्या खोलीत काकांच्या कानात बसवी आणि वर रुमाल बांधी. वहिनी पाठीमागून, सारख्याच आवाजात शब्द वाचीत. कोणते यंत्र कानात आहे हे काकांना सांगितलेले नव्हते आणि वहिनींनाही ठाऊक नव्हते. वाचणाऱ्याला ठाऊक असले, तर त्याचा स्वर नकळत मदत करतो. औषधांच्या चाचणीत खरी गोळी कोणती हे रुग्णापासून आणि डॉक्टरांपासूनही लपवतात, ते याचसाठी.

प्रत्येक यंत्राला तीन याद्या, म्हणजे ६० शब्द मिळाले. यंत्राशिवाय काकांनी ६० पैकी २५ शब्द ओळखले. स्वस्त यंत्राने ४६, महागड्याने ४७. एका शब्दाचा फरक योगायोगानेही पडतो; त्यावर ६३ हजार रुपये लावता येत नाहीत. पण २५ वरून ४६ ही झेप योगायोगाची नव्हे. काका आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे मला ऐकू येतंय, हे तरी खरंच ना?” त्या प्रश्नातली धास्ती आम्हा कोणाच्याच लक्षात आली नव्हती. चाचणीने त्यांची आवड खोडून काढली असेल. त्यांचे ऐकणे मात्र तिने सिद्ध केले. ठेव मोडावी लागली नाही.

या घरगुती चाचणीच्या मर्यादाही ध्यानात ठेवा. इतक्या थोड्या शब्दांत लहानसा पण खरा फरक निसटू शकतो. महाग यंत्राचा लाभ लग्नघरच्या गर्दीत किंवा फोनवर होतो का, हे वेगळे तपासावे लागते. दोन यंत्रांचे आकार भिन्न असतील, तर ते स्पर्शाने ओळखू येतात. म्हणून “आवडले का?” असे न विचारता ओळखलेले शब्द मोजावेत. नव्या यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशीच निर्णय करू नका. आणि मुळात यंत्राआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, कारण कधी कानातला मळ काढल्यानेच काम भागते. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तज्ज्ञांकडील ऑडिओमेट्रीसुद्धा अशीच चाचणी आहे, हे पुढच्या वेळी पाहा. यंत्राची तबकडी आपल्याला दिसू देत नाहीत, आवाज अनियमित अंतराने येतो, आणि ऐकू आला तरच बटण दाबायचे असते. त्यात रुग्णावर अविश्वास नसतो. त्याच्या कानाला निर्भेळ न्याय मिळावा, एवढाच हेतू असतो.

नर-मादीचा वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही. पुढच्या पावसाळ्यात काका येणार आहेत, कानात यंत्र घालून. दोन्ही धबधब्यांचे आवाज मोबाइलवर टिपून, त्यांना नावे न सांगता ऐकवायचे असे ठरले आहे.